बंदराच्या चित्राची आतली चौकट

ती घटना माझ्या मनातून गेलेली नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, खून पुष्कळ पाहिले. बहुतेक प्रकरणांचे कागद मिटले तशा त्यांच्या आठवणीही मिटल्या. हे प्रकरण मात्र एका चित्राचं होतं. त्यात रक्त सांडलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. तरी कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की आधी हीच जिभेवर येते, आणि मी दुसरंच काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. आज तसं करणार नाही. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही.

माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं गडचिरोली जिल्ह्यात गेली. आलापल्लीच्या बाजूला सागाच्या रानात इंग्रजांच्या वेळचं एक विश्रामगृह आहे. त्याच्या जेवणाच्या खोलीत एक मोठं तैलचित्र होतं. दिवस मावळतानाचं बंदर. शिडं उतरवलेल्या चार बोटी, ओल्या दगडी पायऱ्या, पाण्यावर पसरलेला तांबूस उजेड आणि पाठमोरा, दोर ओढणारा एक माणूस. इतकं हुबेहूब की पायऱ्यांवरचं शेवाळ बघून पाय जपून टाकावासा वाटे. बंदर कुठलं, चित्र काढलं कुणी, या रानात ते आणलं कुणी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या बाजूला गस्तीवर गेलो की मी त्याच्यासमोर बसून जेवत असे.

जेवण वाढायचे तिथले चौकीदार-खानसामा. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणे. मूळचे चंद्रपूरचे, परकोटाच्या म्हणजे शहराच्या जुन्या तटबंदीच्या आतल्या वस्तीतले. तीस वर्षं त्यांनी ते विश्रामगृह सांभाळलं होतं आणि निवृत्तीला पाच आठवडे उरले होते.

उन्हाळा संपत आला होता. एका सोमवारी सकाळी ते ठाण्यात आले. सोबत चादरीत गुंडाळलेलं ते चित्र, सायकलरिक्षावर आडवं घालून आणलेलं. माझ्या टेबलाला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, हे चित्र आपलं नाई."

मी पाहिलं. त्याच बोटी, तोच दोरवाला. म्हटलं, "चाचा, उन्ह लागलं का तुमाले?"

"नाई जी. समोरून नका पाहू. मागून पाहा."

त्यांनी ते पालथं केलं. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो ती आतली चौकट दाखवली. बाहेरची नक्षीची चौकट जुनीच होती. त्यांचं म्हणणं असं, की जुनी आतली चौकट हलक्या, परदेशी लाकडाची होती आणि तिला वाळवी लागायची. म्हणून दरवर्षी पावसाच्या आधी ते चित्र उतरवून मागून रॉकेल लावायचे. यंदा उतरवलं तर हाताला जड लागलं. त्यांनी नखानं लाकूड खरवडलं आणि वास घेतला.

"सागवान आहे, साहेब. नवं. याले वाळवी लागतच नाई. तीस वर्षं मी कोन्त्या लाकडाले रॉकेल लावून राह्यलो होतो, मले समजत नाई का?"

दोन महिन्यांपूर्वी विश्रामगृहाची रंगरंगोटी झाली होती. तेव्हा वीस दिवस सगळं सामान ठेकेदाराच्या ताब्यात होतं. परत आलं तेव्हा चाचांनी मोजून घेतलं आणि यादीवर सही केली. "तैलचित्र, एक नग." नग परत आला होता, चित्र आलं नव्हतं.

आता मी काय करायला हवं होतं, ते आज शाळेतलं पोरही सांगेल. ठेकेदाराच्या माणसांना बोलवायला हवं होतं. पण पोलिसाच्या डोक्याला एक वळण पडलेलं असतं. गुन्ह्याची बातमी घेऊन जो येतो, पहिली नजर त्याच्यावरच जाते. चावी यांच्याकडे, सही यांची, निवृत्ती तोंडावर, आणि ज्या बदलाचा कुणाला पत्ता नव्हता तो नेमका यांनाच कसा कळला? स्वतःच विकलं असेल आणि आता पुढच्या तपासणीत सापडू नये म्हणून साळसूदपणे फिर्याद घेऊन आले असतील, असं मी मनाशी जुळवलं. वरिष्ठांना फोन केला तर तेही तेच म्हणाले, "चावी त्याच्याकडे, सही त्याची. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

सोमवारी दिवसभर मी त्यांना विचारत बसलो. ते प्रत्येक वेळी तेच सांगत, त्याच शब्दांत, तेवढंच. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला थोडं मीठमसाला वाढवतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. चाचांनी एक शब्द वाढवला नाही. हे माझं मलाच दिसायला हवं होतं. उलट मी चिडलो. "अरे, सरळ सांग ना" असं माझ्या तोंडून निघालं. ज्यांच्या हातचं इतकी वर्षं जेवलो त्यांना मी अरे-तुरे केलं आणि खुर्चीवरून उठवून फरशीवर बसवलं. ते बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी त्यांना अटक दाखवली. कोर्टानं गुरुवारपर्यंत पोलीस कोठडी दिली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो आपोआप निलंबित धरला जातो. मग चौकशी, मग वर्षानुवर्षं फाईल. चाचांना हा नियम माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. लॉकअपमध्ये गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं.

"साहेब, मले कायी इचारू नका. लाकडाले इचारा. ते इथलंच आहे. गुरुवारी दहाच्या आत इचारा."

त्यांच्या आवाजात विनवणी नव्हती. हुकूमच होता. मला तो लागला आणि पहिल्यांदा शंका आली, की आपण चुकलो तर नाही ना? पण अटक करून बसलो होतो. एकदा कोर्टानं कोठडी दिली की सोडणं माझ्या हातात राहत नाही, तेही कोर्टाच्याच हुकमानं होतं. तरी वेळेत खरा माणूस हाती आला, तर गुरुवारी सकाळी लवकर न्यायाधीशांच्या घरी जाऊन अर्ज देता येईल असा मी हिशेब केला.

मंगळवारी दुपारी मी ती आतली चौकट घेऊन निघालो. लाकडातलं मला काय कळणार? म्हणून एका जाणत्या वनरक्षकाला सोबत घेतलं. त्यानं पाहताच सांगितलं, की जुन्या झाडाचा गाभा आहे, पण चिरलेला यंदाच. सांध्यांत लोखंडी खिळा नाही, बांबूच्या खुंट्या आहेत. असं काम करणारे सुतार त्या पट्ट्यात चारच होते. आम्ही चारही घरं फिरलो.

चौघांनीही एकच सांगितलं, "आमचं काम नाई."

एकानं तर चौकट हातात घ्यायलाच नकार दिला. दुसऱ्यानं ती आंब्याची आहे म्हणून सांगितलं. सागवानाच्या मुलखात जन्म काढलेला सुतार सागाला आंबा म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलतोय हे कळायला पोलीस असावं लागत नाही. मी आवाज चढवला, दम दिला. वनरक्षकानेही दिला. त्यानं तर ते जास्तच गप्प झाले. संध्याकाळी रिकाम्या हातानं ठाण्यात परतलो. अठ्ठेचाळीसातले नऊ तास गेले होते, आणि त्या भागात पोलिसांनी अंधार पडल्यावर वाटेल तसं निघायचं नसतं, म्हणून रात्रही वाया जाणार होती.

बुधवारी सकाळी माझ्या ठाण्यातली महिला हवालदार टेबलापाशी आली. ती याच भागातली, वडील जंगलात कूप, म्हणजे वनखात्यानं तोडीला काढलेला रानाचा तुकडा, तोडायला जायचे.

"साहेब, रागावनार नसान तं सांगतो."

"सांग."

"वनरक्षकाले संगं घेऊन सागवानाचं इचारलं, तं कोन सांगन? ते लाकूड पासचं थोडीच असन. तुमी चित्र इचारून राह्यले, त्याईले वाटते लाकडाची केस लागते."

मी कपाळाला हात लावला. चोवीस वर्षं नोकरी करून मला एवढं सुचलं नव्हतं. माणूस मोठा गुन्हा लपवायला जितकं खोटं बोलतो, त्याहून जास्त आपला एखादा लहानसा, जवळजवळ सगळेच करतात असा गुन्हा लपवायला बोलतो. सुतारांना चित्राचं काही पडलं नव्हतं. त्यांना भीती होती विनापास, म्हणजे वनखात्याच्या परवान्याशिवाय आणलेल्या, सागाच्या चार पट्ट्यांची, आणि ती भीती मी स्वतः गणवेश घालून, सोबत घेऊन त्यांच्या दारात नेली होती.

साधे कपडे घातले, मोटरसायकल घेतली आणि त्या महिला हवालदाराला मागे बसवून निघालो. सागाला आंबा म्हणणाऱ्याच्याच दारात गेलो. ती त्याच्या बायकोशी बोलायला आत गेली. मी ओट्यावर बसलो आणि म्हटलं, "लाकूड कुठून आणलं ते मी इचारनार नाई. कागदावर लिहिनार नाई. एका माणसाची नोकरी चालली आहे. चौकट कोनी बनवाले लावली, तेवढंच सांगा."

तो बराच वेळ रंधा पुसत राहिला.

"कोनाची नोकरी?"

"विश्रामगृहाच्या चाचाची."

त्यानं रंधा खाली ठेवला. "चाचाले धरलं तुमी? काऊन?"

मग सगळं बाहेर आलं. विश्रामगृहाच्या खिडक्यांचं काम त्याच्याकडे होतं. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं माप दिलं आणि चौकट करून मागितली. मागे लपणार, कोणतंही लाकूड लाव म्हणाला.

"मग सागवान कायले लावलं?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "मागं राह्यते म्हून कायी लाकूड लावावं का जी? माझ्या हातून नाई होत."

सुपरवायझरनं सगळं जमवलं होतं. विश्रामगृहात उतरलेल्या एका पाहुण्यानं चित्राचे फोटो काढून ते मौल्यवान असल्याचं बोलून दाखवलं होतं, ते यानं ऐकलं, हे पुढे तपासात कळलं. फक्त आलापल्लीच्या सुताराला वाईट लाकूड लावता येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

चौकट तयार झाल्यावर सुपरवायझर ती चंद्रपूरला एका पेंटरकडे घेऊन गेला, एवढं सुताराला ठाऊक होतं. दुपारी तीनला मी चंद्रपुरात होतो. परकोटाच्या आत, अरुंद गल्लीत, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवणारे एक म्हातारे पेंटर. पूर्वी सिनेमाचे मोठाले बॅनर करायचे, मग छापील बॅनर आले आणि ते काम गेलं. मी ओळख दिली तसा त्यांचा ब्रश डब्यात पडला.

"बैठो साहब," म्हणाले, मग मराठीत आले. "मले सांगितलं होतं, साहेबांच्या बंगल्यासाठी असंच दुसरं पाहिजे. ओरिजिनल चित्र नऊ दिवस माझ्यासमोर होतं. मी चोर नाई."

नवं चित्र जुनं दिसावं म्हणून त्यांनी ते भावाच्या चहाच्या टपरीत, भट्टीच्या वर आठवडाभर टांगलं होतं. मागून कॅनव्हासला चहाचं पाणी पुसलं होतं. हे सांगताना भीती बाजूला पडून त्यांच्या चेहऱ्यावर चमक आली. मी जबाब लिहून घेत होतो. त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, पकडल्या कशानं गेलं? पान्यात चूक झाली का? मी समुद्र कधी पाह्यला नाई."

"पाण्यात नाही. लाकडात."

"लाकडात! म्हंजे रंगात कायीच नाई?"

"काहीच नाही."

अटकेची वेळ समोर असताना त्या म्हाताऱ्यानं इतका सुटकेचा निःश्वास टाकताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. मला हसू आलं आणि लगेच चाचा आठवले. घड्याळात पाच वाजले होते.

सुपरवायझरचा फोन बंद होता. पण पेंटरच्या भावाला माहीत होतं, की चित्र रजईत गुंडाळून तो जिवतीकडे, सासुरवाडीला निघाला होता. गावाचं नाव मिळालं. तिथल्या डोंगरात त्या वेळी पोचून घर शोधणं अशक्य होतं. गुरुवारी पहाटे निघालो. घाट चढेपर्यंत माझं लक्ष रस्त्यापेक्षा घड्याळावरच होतं. साडेसात वाजता त्या वस्तीत पोचलो. पाण्याच्या टँकरची वाट पाहत बायका हंडे लावून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांतली एक म्हणाली, "समुद्र पाहाले आले का? त्या तिकडच्या घरी."

माझा विश्वास बसेना. घरात गेलो. जावयानं सासूला रजईचं गाठोडं कणगीमागं लपवून ठेवायला सांगितलं होतं. म्हातारीनं एक दिवस उघडून पाहिलं आणि असलं चित्र अंधारात ठेवणं तिला पटलं नाही. तिनं ते समोरच्या भिंतीवर टांगलं, खाली उदबत्ती लावली आणि सगळ्या वस्तीला बोलावलं. मी आत शिरलो तेव्हाही दोघी-तिघी त्याच्यासमोर बसल्या होत्या.

"पाहा नं साहेब, एवढं पानी," म्हातारी कौतुकानं म्हणाली, "आन् प्याले येत नाई म्हनते."

मी पालथं करून पाहिलं. हलकी, जुनी, कडेनं वाळवीनं खाल्लेली चौकट, आणि तिला रॉकेलचा वास. पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. तो लिहिता लिहिता साडेआठ वाजले. डोंगरात फोनला रेंज नव्हती. खाली उतरून रेंज मिळाली तेव्हा सव्वानऊ झाले होते. ठाण्यात फोन करून अर्ज तयार करायला सांगितला. माझा माणूस न्यायाधीशांच्या घरी पोचला तोवर ते कोर्टाकडे निघाले होते. कोर्टात त्यांनी अकरा वाजता कागद पाहिले आणि बाराला सुटकेचा हुकूम केला. सुपरवायझर त्याच दिवशी चंद्रपुरात, गिऱ्हाइकाची वाट पाहताना सापडला. वरिष्ठांनी माझं अभिनंदन केलं.

दहा वाजून गेले होते. फक्त दोन तास. चाचांच्या खात्यानं नियमाप्रमाणे निलंबनाचा आदेश काढला. त्यात कुणाचं वैर नव्हतं, नियम नियमाप्रमाणे चालला. मंगळवारी दुपारी मी वनरक्षकाला सोबत नेलं नसतं तर चाचा बुधवारीच सुटले असते. हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मी पत्रांवर पत्रं लिहिली. अटक चुकीची होती असं माझ्या सहीनं लिहून दिलं, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. आदेश मागे घ्यायला सात महिने लागले. मधल्या काळात चाचांची निवृत्तीची तारीख येऊन गेली. ज्या विश्रामगृहात त्यांनी तीस वर्षं इतरांच्या निरोपाची जेवणं रांधली, तिथे त्यांचा निरोप झाला नाही. निर्दोष असल्याचं पत्र टपालानं त्यांच्या चंद्रपूरच्या घरी गेलं.

सुतारालाही दिलेला शब्द मी पाळला. जबाबात "सागवानी लाकूड" एवढंच लिहिलं, कुठलं ते लिहिलं नाही. कायद्यानं ते चूक, पण माझ्या मनाला त्याची टोचणी नाही.

निवृत्त झाल्यावर मी चाचांच्या घरी गेलो. त्यांनी ओळखलं, बसा म्हणाले, घरात चहा सांगितला. मी म्हटलं, "चाचा, माझी चूक झाली. मोठी चूक झाली. मले माफ करा."

त्यांनी आलेला चहा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "साहेब, एक इचारू? मी तुमच्याकडं आलोच नसतो, तं काय झालं असतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. चोर मोकाट सुटला असता, सरकारी वस्तू गेली असती, असं काहीबाही. पण त्या माणसासमोर जीभ वळली नाही.

"कायीच झालं नसतं. कोनाले समजलंही नसतं."

"आन् मी?"

"तुमी ठरल्या तारखेले रिटायर झाले असते. हार घालून."

"हो," ते म्हणाले. "तेच मले रोज वाटते. सांगाले नोको होतं."

पोलिसांत येणाऱ्या नव्या मुलांना मी आता एकच सांगतो. खबर घेऊन आलेल्या माणसावर संशय घ्यायचा असेल तर घ्या, तो आपला धंदाच आहे. पण त्याला फरशीवर बसवण्याआधी त्यानं सांगितलेली गोष्ट एकदा जाऊन तपासा. चोर सुटला तर दुसऱ्या दिवशी पकडता येतो. खरं बोललेल्या माणसाला खरं बोलल्याचा पस्तावा झाला, तर त्याच्या घरातून, त्याच्या गल्लीतून पुन्हा कुणी ठाण्याची पायरी चढत नाही, आणि त्याची नोंद कुठल्याच डायरीत होत नसते.

त्या दिवशी चाचांनी मला चहा पाजला, तब्येतीची चौकशी केली, ऊन फार आहे म्हणून ऑटोपर्यंत सोडायला आले. माफी मात्र त्यांनी दिली नाही. मीही दुसऱ्यांदा मागितली नाही.